कणकेतली मूठ

पोळ्यांसाठी मळून ठेवलेल्या कणकेतून मूठभर गोळा घेतला, लांबट वळला आणि डोळे मिटून गच्च आवळला. हात उघडला तर चार बोटांच्या चार खाचा, अंगठ्याचा खळगा, शिवाय तळहातावरच्या रेषासुद्धा उमटलेल्या. मोबाइलवर फोटो काढला, गोळा कागदावर ठेवून पेन्सिलने कड गिरवली. बायको हातात लाटणं धरून हे सगळं बघत होती.

"काय आहे हे?"

"मूठ."

"कुणाची?"

"सुरीची."

"यात दीड पोळी होते," ती म्हणाली आणि माझं संशोधन परत परातीत गेलं.

त्या दीड पोळीने मला दीड महिना चुकीच्या वाटेला लावलं. पण ते नंतर.

पातं तोवर घरात आलेलं होतं. कपाटात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवलेलं. सातारा जिल्ह्यात आमच्या गावाच्या फाट्यावर ऊसतोडीच्या आधी घिसाड्यांची पालं पडतात. कोयते, विळे, खुरपी, कुऱ्हाडी, जे मागाल ते तिथं भट्टीतून निघतं. मी त्यांच्यातल्या एकांपुढे भंगारातून आणलेला ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा धरला आणि रानात न्यायला साडेचार इंचांची सुरी पाहिजे म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे, मग तुकड्याकडे पाहिलं. "कोयता का नको?" या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. ट्रेकला काकडी कापायची, दोरी तोडायची, चुलीसाठी वाळकी काटकी तासायची, एवढ्याला कोयता जड होतो असं काहीतरी म्हणालो. खरं कारण असं की पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रांनी घराघरांत पोचवल्यापासून सोसायटीच्या लिफ्टमधून कोयता घेऊन जायची माझी छाती नाही. (२०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली. माझी सुरी त्या मापाच्या निम्मीच. तरी लिफ्ट ती लिफ्ट.)

भट्टी म्हणजे जमिनीतला खड्डा आणि हाताने फिरवायचा पंखा. ते सांडशीने लोखंड ऐरणीवर धरायचे आणि त्यांची बायको घण घालायची, एकाही घावाला जागा न चुकवता. घडाई मी बघितली, पण डोक्यात राहिलं ते पाणी देणं. लाल झालेलं पातं त्यांनी सबंध बुडवलंच नाही. फक्त धारेची कड पाण्यात, पाठ बाहेर. चर्र झालं की वर काढून धार विटेवर दोनदा घासली, उजळ केली आणि नुसते बघत बसले. पाठीत राहिलेली धग हळूहळू खाली उतरत होती आणि तिच्याबरोबर उजळ लोखंडावर गव्हाळ पिवळा रंग सरकत धारेकडे येत होता. "पिवळं धारेला टेकलं की बुडवायचं. निळं झालं की गेलं." टेकलं. बुडवलं. सगळा खेळ चार-पाच श्वासांचा.

घरी येऊन कानस लावून बघितली. धारेवरून ती काचेवरून घसरावी तशी घसरली आणि मागच्या शेपटीत मात्र मुकाट्याने रुतली. शेपटीला त्यांनी पाणी दिलंच नव्हतं. मूठ बसवायला तिला भोकं पाडावी लागणार, ती कडक झाली तर साधं ड्रिल तिच्यावर नुसतं नाचेल, हे मला न विचारता त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आता लाकूड. पुण्यात टिंबर मार्केटला गेलो असतो तर शिसवीचा गुळगुळीत तुकडा मिळाला असता. पण गावच्या गोठ्यामागे बैलगाडीचं एक चाक पडलेलं मला लहानपणापासून माहीत होतं. वरची लोखंडी धाव कधीच भंगारात गेली, मधला तुंबा फुटला, पण आरे शाबूत होते. बाभळीचे. आप्पांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना विचारलं.

"न्हे की. कुजतंयच हितं." मग जरा थांबून, "चाकाचं लाकूड सुरीला? मग पळंल तुजी सुरी."

बाहेरचं पांढरं लाकूड किड्यांनी पोखरलेलं, आतला गाभा तांबूस काळपट आणि इतका टणक की माझ्या करवतीचे दात पहिल्याच आऱ्यात बोथट झाले. बाभळीला फर्निचरवाले विचारत नाहीत. वाकडी वाढते, काटे असतात, पॉलिशच्या गप्पांत तिचं नाव निघत नाही. पण जिथं लाकडाने मार खायचा असतो तिथं तीच. नांगर, चाक, कुदळीचा दांडा. या आऱ्याने किती खडी आणि किती चिखल झेलला असेल याचा हिशेब न मांडता मी त्यातून पाव इंच जाडीच्या दोन पट्ट्या काढल्या, शेपटीच्या दोन अंगांना बसतील अशा. वर्कशॉप म्हणजे आमची गॅलरी. दोन कुंड्या बाजूला सरकवल्या, कट्ट्याला सी-क्लँप लावला, तोंडाला मास्क बांधला. बाभळीचा भुसा घशात गेला की काय होतं ते पहिल्या दिवशी कळलं होतं.

बोहरी आळीतून पितळेची सळी आणली, पाच मिलिमीटरची. शेपटीत भोकं पाडली, मग तिच्याच आधाराने एका पट्टीत आणि मग त्या दोन्हींमधून दुसऱ्या पट्टीत. हा क्रम मी पहिल्या वेळी पाळला नव्हता. दोन्ही पट्ट्यांना आधी वेगवेगळी भोकं पाडली आणि सळी वाकडी घालायचा प्रयत्न करत एक दुपार घालवली. दुसरी एक गोष्ट कुणी सांगत नाही आणि सगळे एकदा चुकतात. पट्ट्यांच्या पात्याकडच्या कडा चिकटवण्याआधीच घासून, गुळगुळीत करून घ्यायच्या. एकदा चिकटल्या की तिथं कानस पोचत नाही, पोचली तर पात्यावर ओरखडे. आणि मूठ घासताना पात्याला जाड चिकटपट्टी गुंडाळायची. ही अक्कल मला डाव्या तर्जनीवरच्या दोन टाक्यांनी दिली. डॉक्टरांनी कसं कापलं विचारल्यावर "काकडी" असं सांगितलं.

अॅराल्डाइटच्या दोन नळ्यांतून सारख्या मापाने घेऊन कालवलं, लावलं, क्लँप आवळले. इथंही पहिल्यांदा जोर जास्त झाला. पिळून सगळं बाहेर आलं आणि आत सांध्यात काही उरलंच नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी नखाने निघाली. चिकटवायच्या कामात आवळायची हौस बरी नव्हे.

तर कणकेतली मूठ. गिरवलेल्या कडेबरहुकूम मी चार बोटांच्या चार खाचा कोरल्या. अर्धगोल कानस, मग पॉलिश पेपर ऐंशीचा, एकशे वीसचा, दोनशे वीसचा, चारशेचा. फोटो काढला, मित्रांना पाठवला, वा वा झाली. हातात घेतली की बोटं आपापल्या खाचेत अशी बसायची की आपणच आपल्यावर खूश.

गावाला गेलो तेव्हा शेकोटीसाठी काटक्या तासायला बसलो. अर्ध्या तासात करंगळीच्या मुळाशी आग व्हायला लागली, तासाभरात तीन फोड. खाचा नव्हे, खाचांमधले उंचवटे बोचत होते. तासताना अंगठा पात्याच्या पाठीवर जातो आणि मूठ हातात थोडी वळते. काकडी सोलताना सुरी आपल्याकडे येते, हात पुढे सरकतो. टोकाने भोक पाडताना आपण ती जवळजवळ लेखणीसारखी धरतो. दर वेळी बोटांच्या जागा बदलतात आणि माझी मूठ मात्र एकाच जागेचा हट्ट धरून बसलेली. कणीक मी आवळली होती, धरली नव्हती. मराठीत मूठ म्हणजे हाताचीही आणि हत्याराचीही, आणि मी पहिलीचा ठसा घेऊन दुसरी कोरली होती. मारामारीला निघालेल्या माणसाच्या हाताचा तो ठसा. असं आवळून जगात कुणी काकडी सोलत नाही.

आप्पा तिथंच भुईमुगाला खुरपत होते. त्यांचं खुरपं मागून घेतलं. मूठ साधी, लांबट अंड्यासारखी, ना खाच ना नक्षी. मधे किंचित पोट, पात्याकडे बारीक, शेवटाला बेताचा फुगवटा. मुसळाला असते तशी छोटी लोखंडी वसवी तोंडाशी, लाकूड फाटू नये म्हणून. वर्षानुवर्षांच्या घामाने ती मूठ चिंचोक्यासारखी तुकतुकीत झालेली. हे खुरपं कितीतरी वेळा माझ्या हातात आलं असेल, पण बघितलं त्या दिवशी. लंबगोल असण्यालाही कारण आहे. गोल मूठ तळहातात फिरते आणि धार कुठं आहे ते बघावं लागतं. लंबगोलाला बघावं लागत नाही, अंधारातही धार खाली आहे हे हाताला कळतं.

दुसरा आरा चिरला आणि यावेळी फोटोबिटो न बघता खुरप्याची मूठ केली. चारशेचा पेपर मारलाच नाही, दोनशे वीसवर थांबलो, ओल्या हातात घसरू नये म्हणून. वरून जवसाचं तेल, अगदी पातळ हात, दोन-तीन दिवसांच्या अंतराने असे चार. तेल पुसलेलं फडकं मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळतं ते हवेतला ऑक्सिजन घेऊन, त्यात उष्णता निघते आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आमच्याकडे ती फडकी दोरीवर पसरून वाळत असतात आणि समोरच्या काकूंना वाटतं, या घरात पायपुसणी फार लागतात.

मूठ झाली की काम संपलं असं मला वाटत होतं. म्यान काय, चामड्याचा खिसा! सुरीच्या कौतुकात लोक पोलादाबद्दल तासन्‌तास बोलतात, मुठीबद्दल घटकाभर आणि म्यानाबद्दल कुणीच नाही. पण सुरी चालवतो आपण दिवसातून दहा मिनिटं आणि उरलेला दिवसभर ती असते म्यानात, आपल्या मांडीला लागून.

पहिलं म्यान पर्स शिवणाऱ्या एकाकडच्या उरलेल्या तुकड्याचं. मऊ, लवचीक, दिसायला छान. क्रोमने कमावलेलं कातडं ते. त्याला आकार धरता येत नाही, आणि त्यातल्या क्षारांनी पात्यावर आठ दिवसांत गंजाचे ठिपके उठले. मग कोल्हापूरला गेलो तेव्हा चप्पल लायनीत विचारत विचारत तीन मिलिमीटर जाडीचा, झाडपाल्यावर कमावलेला तुकडा मिळवला. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. ते ऐकताना मी आधी नुसती मान हलवली आणि एसटीत बसल्यावर ट्यूब पेटली. माझ्या सुरीची मूठ बाभळीची, आणि जे तिला पोटात घेणार तेही बाभळीच्याच सालीत मुरलेलं. जुळवून आणायचं म्हटलं असतं तर जमलं नसतं.

कातडं दुमडलं, शिवायच्या रेषेवर जेवणाच्या काट्याने खुणा उमटवल्या म्हणजे टाके सारख्या अंतरावर येतात, आरीने भोकं पाडली. एक दोरा, दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्हीकडून. दोऱ्याला मेण. एक टाका तुटला तरी दुसरा धरून राहतो. हे सगळं वाचून, समजून, नीट केलं आणि तरी पहिल्याच ट्रेकला, राजगडावर पद्मावती माचीवर टेकलो तेव्हा मांडीला काहीतरी टोचलं. शिवण अर्ध्यापर्यंत उसवली होती. उसवली कसली, कापली गेली होती. दर वेळी सुरी आत जाताना धार दोऱ्यावरूनच जात होती आणि मी दर वेळी ती मोठ्या समाधानाने आत घालत होतो. पँट फाटली, मांडी वाचली.

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर चप्पल शिवणारे काका बसतात. त्यांना ते म्यान दाखवलं. त्यांनी शिवणीत बोट घालून उघडलं आणि हसलेच.

"धार ज्या बाजूला येते तिथं तिला खायला काहीतरी द्या की. दोरा कशाला देता?"

दोन थरांच्या मधे, शिवणीच्या आत, कातड्याचीच एक अरुंद पट्टी. धार त्या पट्टीवर टेकते, दोऱ्यापर्यंत पोचत नाही. बस्स. काकांनी माझ्याकडून आरी धरायची पद्धतही सुधारून घेतली. मी कातड्यात ती ढकलत होतो, ते मनगट फिरवत आत सोडायचे.

तिसरं म्यान शिवलं. कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवलं, सुरीला तेल लावून प्लास्टिक गुंडाळलं, आत घातली आणि ओल्या कातड्यावर चमच्याच्या पाठीने दाबत दाबत मुठीचा, पात्याचा आकार वर आणला. मातीचं काम आणि हे काम यांत फारसा फरक नाही. दोन दिवस सावलीत वाळलं आणि लाकडासारखं टणक झालं. सुरी बाहेर काढली तर जिथं प्लास्टिक फाटलं होतं तिथं पात्यावर निळसर काळा डाग. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून पूर्वी काळी शाई करायचे, तोच प्रकार. हिरडा कातड्यातला, लोखंड माझं. डाग घासून काढता आला असता. ठेवला.

एक शंका मात्र जाईना. फिनलंडमध्ये पुक्को नावाची सुरी वापरतात. तिच्या म्यानाला पट्टा नसतो, बटण नसतं. मूठ अर्धीअधिक आत जाते आणि नुसत्या घट्टपणावर सुरी राहते. ते बघून मीही मूठ दोन बोटं आत जाईल एवढं खोल म्यान केलं होतं. पण विश्वास बसेना. उतरताना पडली तर? म्हणून वरून मुठीवर एक पट्टा घेतला आणि त्याला टिचबटण लावलं. चांगलं पितळी, टिच्‌ असा आवाज करणारं.

फेब्रुवारीत नाणेघाट उतरत होतो, घाटघरच्या बाजूने वैशाखऱ्याकडे. कल्याणचा माल जुन्नरला सातवाहनांच्या काळापासून याच वाटेने चढत आला. गुहेच्या जरा खाली एक मामा दम खात बसले होते, खालच्या पाड्यावरचे. कमरेला मागच्या बाजूने आकडी आणि आकडीत कोयता. आकडी म्हणजे लाकडाचा एक जाड तुकडा, मधे आरपार खाच, दोरीने कमरेला बांधलेला. कोकणात आणि घाटाखाली ज्याला रानात जायचं त्याच्या कमरेला ती असतेच. पातं उघडंच, वाकण खाचेच्या खाली, वजन मागे. मी पाणी पुढे केलं, गप्पा निघाल्या, नजर माझ्या पट्ट्याकडे गेली.

"बघू."

त्यांनी सुरी हातात घेतली, नेहमीसारखी धरली, मग अंगठा पाठीवर, मग उलटी. पोलादाचं काही विचारलं नाही. "मूठ बरी हाय. बाभूळ?" मी मान डोलावली. आतून मला जो काही आनंद झाला तो त्या मित्रांच्या वाहवांच्या शंभरपट.

"आता म्यानातनं काढून दाखव."

मी सुरी परत घालून टिचबटण लावलं. मग उजव्या हाताने बटण उघडलं, पट्टा सुरीच्या आड येऊ नये म्हणून बाजूला केला, डाव्या हाताने म्यान धरलं आणि उजव्याने ओढली. काढताना धार पट्ट्याला चाटून गेली आणि तिथं आधीच्या दहा-बारा रेघांत एक नवी पडली.

त्यांनी उठून उभं राहत डावा हात वर नेला, जणू फांदी धरलीय. उजवा मागे गेला, न बघता, आणि कोयता हातात आला.

"राबाला, शेत भाजाया, टहाळं तोडाया झाडावर चडतो आमी. तितं दुसरा हात कुटनं आणायचा?"

मी विचारलं, आकडी करायला किती वेळ लागतो. "येक दुपार." खाच त्यांनीच कोरलेली, कोयत्याने घासून घासून आतून काचेसारखी झालेली. एकही खिळा नाही, शिवण नाही, कापला जाईल असा दोरा धारेच्या वाटेत नाही. मी दोन म्यानं, एक पँट आणि पाच महिने घालवून जे शिकत होतो ते सगळं त्या लाकडाच्या तुकड्यात निवांत बसलेलं.

त्यांनी माझी सुरी पुन्हा मागून घेतली, त्यांच्याच पिशवीतल्या दोन काकड्यांतली एक चिरून मला दिली, पातं धोतराला पुसलं आणि सुरी माझ्या कमरेच्या म्यानात दाबली. बटण लावलं नाही. बटण त्यांच्या हिशेबातच नव्हतं. मीही त्यांच्यासमोर लावायला संकोचलो, नंतर लावू म्हटलं.

मग विसरलो. घाटाची ती मोठमोठ्या दगडांची उतरण, दोनदा बसून घसरलो, एकदा कारवीच्या जाळीत शिरून वाट काढली. खाली ओढ्यापाशी तोंड धुवायला वाकलो तेव्हा लक्षात आलं की पट्टा बाहेर लोंबतोय. हात मागे गेला. सुरी होती तिथंच, दोन बोटं मूठ आत, हलवूनही हलेना. डाव्या हातात पाण्याची बाटली होती. म्हणून अंगठ्याने म्यानाची कड खाली रेटली, आणि सुरी वर आली.

पट्टा तिथंच, ओढ्याकाठी कापून टाकला. टिचबटण खिशात ठेवलं. बायकोच्या ब्लाउजला लागेल कधीतरी.